साहसकथा लिहिलीय, आता छापायची कुठे?

गेल्या अंकात एका कोपऱ्यात चार ओळी छापल्या होत्या, की नव्या लिहिणाऱ्यांनी साहसकथा पाठवा, आम्ही वाचू. कथा आल्या, पण त्याहून जास्त प्रश्न आले आणि त्यातले बरेचसे कथा लिहायची कशी याचे नाहीत, छापून आणायची कशी याचे आहेत. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं छोटी केलीत, नावं काढलीत.

ताई, मी अकोले तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. हरिश्चंद्रगडावर घडणारी साहस कादंबरी लिहून पूर्ण केलीय, ६२ हजार शब्द झाले. काही प्रकाशकांना अख्खी फाइल मेल केली, कोणाचंही उत्तर नाही. साहसकथा आता चालतच नाही का?

सर, उत्तर आलं नाही याचा अर्थ कादंबरी आवडली नाही असा नका घेऊ, बहुतेक ती फाइल कोणी उघडलेलीच नसणार. प्रकाशक पहिल्यांदा काय बघतो तर फॉर्म किती. १६ पानांचा एक फॉर्म, डेमी साइजच्या पानावर अडीचशे-पावणेतीनशे शब्द मावतात, म्हणजे तुमची कादंबरी २४० पानांच्या आसपास जाणार, १५ फॉर्म. त्यात नाव नवीन, पहिली आवृत्ती एकेकाळी हजाराची निघायची ती आता तीनशे-पाचशेवर आलीय, छापील किमतीतले पस्तीस-चाळीस टक्के, कधी त्याहूनही जास्त, विक्रेते आणि वितरक यांच्याकडे जातात, उरलेल्यातून कागद, छपाई, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन आणि तुमची रॉयल्टी. हे गणित मांडून झालं की माणूस म्हणतो बघू नंतर, आणि ते नंतर कधी येत नाही.

आता चालत नाही का, हा प्रश्न. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या कोणीतरी वाचत होतंच ना? गुरुनाथ नाईकांच्याही कादंबऱ्या हजाराच्या पुढे गेल्या, सुहास शिरवळकरांची सुरुवात रहस्यकथांपासूनच झाली. या सगळ्यांच्या वेळी छोटी, स्वस्त पुस्तकं दर महिन्याला निघायची आणि गल्लीतल्या लायब्ररीत पैसे भरून ती घरी नेता यायची, शिवाय ‘नवल’, ‘हंस’सारखी मासिकं कथा छापत होती. वाचक होता हे तर झालंच, पण लिहिणाऱ्याला चुकतमाकत शिकायला जागा होती, एखादी गोष्ट फसली तरी पुढच्या महिन्यात दुसरी. आज तसं नाही. आज नव्या माणसाने एकदम कादंबरी घेऊन यावं आणि पहिल्याच बॉलला सिक्स मारावा अशी अपेक्षा आहे, माझ्या मते मराठी साहसकथेचं खरं दुखणं हे आहे, लेखक कमी आहेत हे नाही.

म्हणून माझा सल्ला असा की कादंबरी थोडी बाजूला ठेवा आणि तोच नायक घेऊन तीन-साडेतीन हजार शब्दांची नवी कथा लिहा. कादंबरीतलं प्रकरण कापून पाठवू नका, ते कापलेलं दिसतं, आधीचं माहीत नसल्याने वाचक गोंधळतो. बेलपाड्यातून नळीच्या वाटेने वर चढणारी दोन माणसं, एकाचा गुडघा गेलाय, पाऊस सुरू झालाय, एवढ्यावर पूर्ण कथा होते. ती दिवाळी अंकाला द्या. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केलेली ही दिवाळी अंकांची परंपरा नव्या लेखकासाठी अजूनही सगळ्यात मोठं दार आहे, रहस्य-साहसाला वाहिलेला ‘धनंजय’सारखा अंकही त्यात आहे. फक्त वेळ पाळा. गणपतीत कथा पाठवणारे खूप असतात, तोपर्यंत अंक प्रेसला जायच्या तयारीत असतो. मे-जूनमध्ये पाठवा, फार तर जुलै.

दोन-तीन कथा छापून आल्या की मग कादंबरीसाठी प्रकाशकाला लिहा आणि तेव्हाही अख्खी फाइल नको. एक पान गोषवारा, शेवटासकट (शेवट लपवून ठेवणारे लेखक संपादकाला वैताग आणतात), पहिली तीन प्रकरणं आणि आधी कुठे काय छापून आलंय त्याच्या दोन ओळी. टायपिंग युनिकोडमध्ये करा. श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, केलेलं असेल तर कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, नाहीतर तुमचा ‘दुर्ग’ भलतंच काहीतरी होऊन पोचतो.

मॅडम, मुंबईत आयटीत आहे. माझ्या साहसकथांचा संग्रह काढायला एक प्रकाशक तयार आहेत, पण ‘सहभाग योजना’ म्हणून ४५ हजार मागतायत. ५०० प्रती छापणार, त्यातल्या २०० मला देणार. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मिळवून देण्याचे वेगळे पैसे. करू का?

आयएसबीएनचे वेगळे पैसे मागितले तिथेच मला शंका आली. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली ती चालते, लेखकाला स्वतःलाही ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्ज भरून देण्याच्या कष्टाचे थोडे पैसे कोणी घेतले तर समजू शकते, पण ‘आयएसबीएनची फी’ नावाची गोष्टच नाहीये.

पैसे देऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही हो, अनेकांनी काढलंय. फक्त तुम्ही काय विकत घेताय ते नीट बघा, तुम्ही छपाई विकत घेताय, प्रकाशन नाही. प्रकाशन म्हणजे कोणीतरी आपले पैसे तुमच्या पुस्तकात घालतो, त्याला ते विकावंच लागतं. इथे त्यांचा फायदा तुमच्या चेकमध्येच झालेला आहे, उरलेल्या ३०० प्रती गोडाऊनमध्ये पडून राहिल्या तरी त्यांचं काय जातं? तर विचारा की संपादन कोण करणार, मुद्रितशोधन किती वेळा, त्या ३०० प्रती कुठल्या वितरकाकडे जाणार, विक्रीचा हिशोब किती महिन्यांनी देणार. उत्तरं गोलगोल आली तर तेच पैसे घेऊन सरळ चांगल्या प्रेसमध्ये जा, डिजिटल छपाईत आता शंभर प्रतीही निघतात, आणि दोनशे प्रतींचे खोके घरी येणार आहेत तर ते ठेवायचे कुठे याचाही विचार करा, मुंबईतल्या घरात हा फालतू प्रश्न नाही.

कागदावर सही करण्याआधी हे वाचा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतात, तोंडी बोलण्याला अर्थ नाही. करारात कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि रॉयल्टी किती हे लिहिलेलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. आणि हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर नुसताच बसून राहिला, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतात. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं एक वाक्य शेवटच्या पानावर टाकायची काही जणांना सवय असते, ते वाक्य खोडा. साहसकथेला उद्या ऑडिओ विचारेल, वेबसिरीज विचारेल, आणि तेव्हा कळेल की पैसे भरले तुम्ही आणि हक्क त्यांचे.

अजून एक मार्ग आहे, लोक तो विसरतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. पहिल्या पुस्तकासाठी आहे, हस्तलिखितं मागवतात, तज्ज्ञ वाचतात, निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. वेळ लागतो, सरकारी काम आहे. पण ४५ हजार वाचत असतील तर थोडी वाट बघायला काय हरकत आहे.

मावशी मी मालवणला नववीत आहे. मला फास्टर फेणेची नवीन गोष्ट लिहायचीय, त्यात तो मालवणला येतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्यात अडकतो. ही छापता येईल का आणि कुठे पाठवू?

लिही की, अगदी लिही, वहीत लिही, मित्रांना वाचून दाखव. पण छापायला पाठवू नको. फुरसुंगीचा तो पोरगा भा. रा. भागवतांचा आहे आणि आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत परवानगीशिवाय त्याची नवी गोष्ट छापता येणार नाही. तू तेव्हा काय वयाचा असशील ते मोज.

गंमत बघ, भागवतांनी ज्या ज्यूल व्हर्नच्या गोष्टी मराठीत आणल्या तो व्हर्न १९०५ मध्येच गेला, त्याच्या मूळ गोष्टींवर आता कोणाचाच हक्क नाही. तुला वाटलं तर तू त्याची पाणबुडी घेऊन मालवणच्या खाडीत बुडवू शकतोस, फक्त भागवतांनी लिहिलेली मराठी वाक्यं उचलायची नाहीत, ती त्यांची आहेत.

पण मला विचारशील तर दुसऱ्याचा नायक कशाला हवाय तुला? तू रापणीचं जाळं ओढताना पाहिलं असशील, कदाचित ओढलंही असशील. रात्री समुद्रात एलईडी लावून चोरून मासे मारणाऱ्या बोटींबद्दल घरात बोलणं होत असणार. पुण्यात बसलेल्या लेखकाला हे शोधायला चार वेळा यावं लागेल आणि तरी त्याला कळणार नाही की जाळं ओढताना हातांना काय होतं. तुझ्याच वयाची एक मुलगी घे, तिच्या बाबांची होडी परत आलेली नाही, आणि तिला माहितीय ते काल रात्री कुठे गेले होते पण सांगितलं तर बाबाच अडकतील. पुढचं तू सांग. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, मुलांसाठीच आहे, त्यांना पाठव. वय आणि इयत्ता लिही, पण गोष्ट आईने किंवा बाईंनी सुधारून दिलेली नको. ते लगेच कळतं.

पुण्याहून लिहितोय. माझी कथा एका संपादकांनी ‘यातला समुद्र खोटा आहे’ एवढंच लिहून परत पाठवली. कथेत अमावास्येच्या रात्री बारा वाजता, काळोखात, ओहोटीचा फायदा घेऊन नायक अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जातो. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, मी स्वतः गेलोय. मग खोटं काय?

चालत जाता येतं, बरोबर. पण तुमचा नायक त्या रात्री बुडाला असता.

अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि तीही उधाणाची, म्हणजे महिन्यातलं सगळ्यात चढलेलं पाणी. ओहोटी मिळते सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. रोज ही वेळ पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे सरकते. किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून हिशोब करतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास निघतो, अष्टमीला सहा, म्हणून मध्यरात्री ओहोटी हवी असेल तर अष्टमी धरा.

आणि आता बघा कथा कशी सुधारते. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो. म्हणजे तुम्हाला काळोखही मिळाला आणि ओहोटीही, पण दोन्ही एकदम नाही, चंद्र पूर्ण जाईपर्यंत थांबलं तर पाणी परत भरायला लागणार आणि लवकर निघालं तर चांदण्यात दिसणार. शिवाय अष्टमीचं पाणी भांगाचं, ते उधाणासारखं लांब आत ओढलं जात नाही, त्यामुळे दिवसा कोरड्या पायाने जिथून गेला होतात तिथे आत्ता कमरेइतकं पाणी असू शकतं. तुमच्या मूळ कथेत नायकाला फक्त पहारेकऱ्याची भीती होती, आता घड्याळाची, चंद्राची आणि पाण्याचीही आहे आणि यातलं काहीच तुम्हाला बनवावं लागलं नाही.

संपादकाकडून साहसकथा नाकारून परत येण्याचं माझ्या बघण्यातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. लोकांना वाटतं कल्पना कमी पडते. कल्पना भरपूर असते हो, कमी पडतो तो नकाशा. दोर किती फुटांचा, टॉर्च किती तास चालतो, भिजलेली सॅक किती जड होते, माणूस चिखलात ताशी किती चालतो. संपादकाला एक गोष्ट खोटी सापडली की तो पुढचं सगळं संशयाने वाचतो. त्या संपादकांनी चारच शब्द लिहिले म्हणून तुम्हाला राग आलाय, पण बाकीचे तेवढेही लिहीत नाहीत. कथा सुधारा आणि त्यांनाच परत पाठवा.

नाशिक. मोबाइलने साहसकथेची वाट लावलीय असं वाटत नाही का? कोणी अडकलं की फोन करणार, लोकेशन पाठवणार, संपली गोष्ट. दरवेळी रेंज नाही, बॅटरी संपली असं किती वेळा दाखवायचं?

एकदाही नका दाखवू. बॅटरी संपली हे वाचलं की मी पान उलटते.

सह्याद्रीत फिरलेल्या कोणालाही विचारा, बरेचदा उलटं असतं, पायथ्याच्या गावात रेंज नसते आणि गडाच्या माथ्यावर धडाधड मेसेज येतात कारण तिथून खालच्या सपाटीवरचे टॉवर समोर दिसतात. तर फोन लागू द्या. ११२ लागू द्या, गिर्यारोहकांच्या रेस्क्यू टीमला कळू द्या, लोकेशनही जाऊ द्या. आणि मग काय? सांदण दरीत पाणी भरतंय, टीम शहरातून निघून, पायथ्याला पोचून, अंधारात चालत येणार, तोवर सहा तास. आता सगळ्या जगाला माहितीये तुम्ही कुठे आहात, आई दर दहा मिनिटांनी फोन करतेय, जोडीदार म्हणतोय इथेच थांबू आणि तुम्हाला पाणी चढताना दिसतंय. फोन बंद असता तर हा पेच आलाच नसता, मुकाट निघाला असतात.

सातारा. मावळ्यांवर साहसकथा लिहिल्या तर वाद होईल का? नायक काल्पनिक आहे, प्रसंग खरे आहेत.

नायक काल्पनिक ठेवलात हे फार बरं केलंत, त्याचं आडनावही असं घ्या की कुठल्या प्रसिद्ध घराण्याशी जोडलं जाणार नाही. खऱ्या माणसांच्या तोंडी नवे संवाद कमीत कमी घाला, आणि फितुरी, भ्याडपणा असलं काही खऱ्या नावाला चिकटवायचं असेल तर हातात अस्सल साधन पाहिजे, ‘असं म्हणतात’ चालणार नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच काय खरं, काय रचलेलं ते स्पष्ट लिहा. बाकी नेहमीचंच, १६६० च्या जुलैतली पन्हाळा ते विशाळगड ही वाट पावसात, रात्री, पायी होती हे डोक्यात ठेवून वेळा लावा, आणि मावळ्याला चहा पाजू नका. (पाजतात. कालच एकाने पाजला.)

न्यू जर्सीत राहते. इथून मराठी प्रकाशकांच्या मागे लागणं जमत नाही. सरळ किंडलवर टाकू का? ऑडिओचं काय?

टाकता येतं, किंडलवर मराठी २०१६ च्या अखेरीपासून चालतं. एक अट नीट वाचा, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक ‘सिलेक्ट’ योजनेत घालावं लागतं आणि मग ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा नाही. नाहीतर ३५ टक्के. तुमचा वाचक भारतात आहे की तिकडे, यावर ठरवा.

ऑडिओत साहसकथा खरंच चांगली चालते असं माझं मत आहे, स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हा पहिल्या भाषांत मराठी होतीच आणि तेव्हापासून केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिकाही निघाल्यात. पण ऐकायचं लिहिणं वेगळं. श्रोता मागे जाऊन बघत नाही की हा संजय कोण होता, त्यामुळे संजय, सुजय आणि अजय एका कथेत ठेवू नका, आणि कोण बोलतंय हे संवादातूनच कळू द्या. स्वतः मोठ्याने वाचून बघा, जिथे दम लागतो ते वाक्य तोडा. आणि एक, तिकडची गोष्ट लिहा ना. नायिका मराठी बाई, अपलाचियन ट्रेल ही लांबलचक डोंगरवाट न्यू जर्सीतूनच जाते, तिथे काळी अस्वलं आहेत, आणि तुम्ही मला राजगडावरची कथा पाठवलीत!

एआयकडून कथा लिहून घेतली तर तुम्हाला कळतं का?

बरेचदा. नायकाच्या डोळ्यांत ‘एक वेगळीच चमक’ असते, जंगल ‘गूढ शांततेत’ बुडालेलं असतं आणि कोणालाही तहान लागत नाही. पुढचा प्रश्न.

कोल्हापूर. आम्ही ट्रेक करणारा ग्रुप आहोत, त्यातले सात-आठ जण लिहितात. फक्त नव्या लेखकांच्या साहसकथांचं काहीतरी काढायचंय. मासिक काढावं की पुस्तक? परवानगी लागते का? नंतर भांडणं होऊ नयेत म्हणून काय करावं?

भांडणांचा विचार आधीच केलात, तुमचं पुस्तक निघणार.

मासिक नका काढू, निदान आत्ता तरी. नियतकालिक म्हटलं की नोंदणी आली, २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय, १८६७ चा जुना गेला, काम आता ऑनलाइन होतं पण करावं लागतंच. आणि कायद्यापेक्षा मोठी अडचण ही की दर महिन्याला चांगल्या कथा आणणार कुठून, तिसऱ्या अंकाला ग्रुपमधल्याच दोघांना पुन्हा लिहायला लावाल. वर्षातून एक कथासंग्रह काढा. पुस्तकाला ती नोंदणी लागत नाही, आयएसबीएन घ्या, आणि छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या बाकीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवा, छोटे प्रकाशक हे सर्रास विसरतात.

निवड. इथेच मैत्री तुटते. ग्रुपमधल्या कोणीही ग्रुपच्या कथा निवडायच्या नाहीत, बाहेरची दोन माणसं घ्या, एक साहित्यातलं आणि एक डोंगरातलं, आणि कथांवरची नावं काढून त्यांना द्या. नाव झाकण्याने काय होतं याचं आपल्याकडे मोठं उदाहरण आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांना बघायचं होतं की कथा स्वतःच्या पायावर उभी राहते का. तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या ट्रेकरची कथा निवडली गेली नाही तर त्यालाही हेच सांगता येईल.

खुलं आवाहन जरूर करा, पण नियम छापून. शब्दमर्यादा, शेवटची तारीख, आधी कुठे छापलेली नको, सोशल मीडियावर टाकलेली चालेल की नाही, निर्णय कधी कळवणार. ती तारीख पाळा. नकारही कळवा, दोन ओळींचा का होईना.

प्रत्येक लेखकाबरोबर एक पानाचा करार करा, मित्र असला तरी. त्यात एवढंच की या संग्रहापुरता छापील आणि ई-बुकचा हक्क, दोन किंवा तीन वर्षांसाठी, बाकी सगळं लेखकाचं. मानधन ठरवा, ते पाचशे रुपये असलं तरी चालेल पण शून्य नको. ‘प्रसिद्धी मिळेल’ हे मानधन नाहीये, आणि नव्या लेखकांना व्यासपीठ देतो म्हणणाऱ्यांनीच त्यांना फुकट राबवायचं हे मला पटत नाही. आमच्याकडेही मानधन मोठं नाही पण अंक निघाला की जातं.

पैशाचं म्हणाल तर पहिल्यांदा २०० प्रतीच छापा, आगाऊ नोंदणी घ्या. १० फॉर्मच्या पुढे जाऊ नका, १६० पानांत आठ-नऊ कथा आरामात बसतात. ट्रेकिंग ग्रुप, ॲडव्हेंचर क्लब, कॉलेजचे हायकिंग क्लब, गडाच्या पायथ्याची जेवणाची घरं, ही तुमची दुकानं, शहरातलं पुस्तकांचं दुकान नंतर. सार्वजनिक ग्रंथालयं राज्यात हजारोंनी आहेत, पण अनुदान आल्यावर खरेदी करतात, त्यामुळे त्यांच्या पैशाची वाट बघत प्रेसचं बिल थकवू नका. मुखपृष्ठावर कड्यावर उभा राहून हात पसरलेला माणूस नको, प्लीज, आणि पहिल्या पानावर कुठल्याही मान्यवरांचा शुभसंदेश नको, तिथून थेट कथा सुरू होऊ द्या.